हुशार मुलांना सोबती हवा

फार हुशार मूल एकलकोंडंच असतं, असं आपण सहज म्हणतो. पुरावा वेगळं सांगतो. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ लुइस टर्मन यांनी 1921 साली हुशार मुलांचा दीर्घ अभ्यास सुरू केला. त्यातली बहुतेक मुलं चांगली मिसळणारी निघाली. अडचण दिसली ती अगदी असामान्य बुद्धीच्या मुलांत. मानसशास्त्रज्ञ लीटा हॉलिंगवर्थ यांनी या अडचणीचं कारण शोधलं. या मुलांना मैत्री हवीच असते, पण बुद्धीनं बरोबरीचं कुणी सापडत नाही. समजा, अशा आठ वर्षांच्या मुलीला खेळाचे नियम बारकाईनं ठरवायचे असतात. मैत्रिणींना नुसतं पळायचं असतं. मग ती बाजूला बसते, आणि आपण तिला घुमी ठरवतो. हे अन्यायाचं आहे.

बरोबरीचं कुणी मोठ्या मुलांत सापडू शकतं. कुणी म्हणेल, मोठ्या मुलांत घातलं तर मूल बुजेल. शंका रास्त आहे. पण ऑस्ट्रेलियात संशोधक मिराका ग्रॉस यांनी अशा मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. विचारपूर्वक वरच्या वर्गांत नेलेल्या मुलांना मित्र मिळाले. आपल्याच वयाच्या वर्गात राहिलेली अनेक मुलं एकटी पडली. म्हणजे पुन्हा तेच: मैत्री हवी असते, बरोबरीचं कुणी सापडत नाही. तेव्हा पालकहो, मुलाचा स्वभाव बदलायला जाऊ नका. बुद्धिबळाच्या वर्गात, वाचनालयात त्याच्या आवडीचा सोबती शोधा. एकच पुरे, मग तो दोन वर्षांनी मोठा का असेना.