मैदानावरील फलक



संस्थेच्या महोत्सवानिमित्त दानाच्या नव्या रीतींवर चार शब्द बोलावे, अशी मला आज्ञा झाली आहे. मी पडलो शाळामास्तर. खडू हातात असला म्हणजे जीभ चालते. लाउडस्पीकरपुढे ती अडखळते. म्हणून गणिताच्या तासाला जसे एकच उदाहरण घेऊन बसतो, तसेच आज करणार आहे. उदाहरण मात्र आपल्या बेळगावचे नाही. ते अमेरिकेतले, आणि त्यातही गोल्फच्या खेळातले आहे. हसू नका! ती काठी मी जन्मात हाती धरलेली नाही, हे आधीच कबूल करतो.

माझा एक जुना विद्यार्थी तिकडे नोकरीस आहे. कर्तव्य बजावताना मृत्यू पावलेल्या पोलिसांच्या कुटुंबांसाठी त्याच्या गावी गोल्फचे सामने झाले, त्यांत तो खेळला. सुटीवर आला तेव्हा त्याने मला समोर बसवून सारा प्रकार समजावून दिला. गुरूने शिष्याकडून शिकण्याचा तो दिवस होता.

या सामन्यांत चार-चार जणांचे संघ असतात. चौघेही टोला मारतात. ज्याचा चेंडू उत्तम पडला, तेथूनच पुढचा टोला चौघांनी मारावयाचा. त्यामुळे एक जाणकार असला की तीन नवशिके निभावून जातात. सर्व संघ वेगवेगळ्या खळग्यांवरून एकाच वेळी सुरुवात करतात, म्हणजे अठरा खळग्या संपवून सारे एकाच वेळी भोजनास बसतात. खरी वर्गणी जमते ती तेथे. एकदम सुरुवात करण्याच्या या पद्धतीचे नाव बंदुकीवरून, ‘शॉटगन’वरून, पडले आहे. ज्यांच्या घरचा माणूस गोळीने गेला, त्यांच्यासाठीच्या खेळात हे नाव माझ्या कानांना खटकले. त्याला तसे कधी वाटले नव्हते. आणखी एक गंमत: चुकलेला टोला पुन्हा मारण्याची मुभा तेथे पैसे देऊन विकत मिळते. आमच्या शाळेच्या मैदानावर अशी सोय निघाली, तर मुले खाऊचे पैसे उरू देणार नाहीत.

आता हिशोब पाहू. आकडे माझेच, केवळ उदाहरणादाखल. समजा १०० खेळाडू आले आणि प्रत्येकाने १५० डॉलर भरले. जमा १५,०००. मैदानाचे भाडे, गाड्या व जेवण मिळून माणशी ८० डॉलर गेले, म्हणजे ८,०००. सदरे, करंडक, छपाई यांस २,०००. उरले ५,०००. प्रत्येक खळगीपाशी एकेका व्यापाऱ्याच्या नावाचा फलक लावला आणि त्याचे २०० डॉलर घेतले, तर १८ फलकांचे ३,६०० मिळतात, आणि त्यांस खर्च जवळजवळ नाही. म्हणजे दिवसभर घाम गाळतात खेळाडू, पण त्या उरलेल्या पैशात मोठी भर घालतात ते मुकाट उभे राहणारे फलक!

तिकडच्या कायद्यातील एक गोष्ट मला फार आवडली. देणगीदाराला रकमेच्या बदल्यात जेवण वा खेळ मिळाला, तर त्याची किंमत वजा करून उरेल तेवढेच दान धरतात. रक्कम ७५ डॉलरांहून अधिक असेल, तर संस्थेने ती किंमत लेखी कळवलीच पाहिजे. आपल्याकडे स्नेहभोजनाच्या पावतीवर पुलाव किती आणि पुण्य किती, हे कोणी लिहीत नाही.

सरकार काही देत नाही म्हणून हा खटाटोप, असेही नाही. तेथील मध्यवर्ती सरकारने १९७६ साली कायदा करून अशा कुटुंबास ५०,००० डॉलर देण्याची तरतूद केली. आज ती रक्कम ४ लाखांच्याही पुढे गेली आहे. वॉशिंग्टन येथे १९९१ साली स्मारक उभे राहिले, त्याच्या भिंतींवर वीस हजारांहून अधिक नावे कोरलेली आहेत, आणि दर मे महिन्यात नव्या नावांचे स्मरण होते. पण कागदपत्रांना वेळ लागतो, आणि पहिल्या महिन्याचे घरभाडे थांबत नाही. शिवाय भेटीला येणारे सहकारीही काही दिवसांनी कामाला लागतात. १९८४ साली अशाच कुटुंबांनी एकत्र येऊन आपली एक संघटना काढली. आरंभी ११० सभासद होते. नवी विधवा झालेल्या स्त्रीशी जुनी विधवा जे बोलू शकते, ते सरकारी पत्राला साधत नाही. गोल्फचा पैसा अनेकदा अशा कामाला, मुलांच्या शिबिरांना व शिष्यवृत्त्यांना जातो.

आपल्याकडेही दिवस ठरलेला आहे. २१ ऑक्टोबर १९५९ रोजी लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्ज येथे, परत न आलेल्या आपल्या माणसांच्या शोधास निघालेल्या पोलीस तुकडीवर चिनी सैनिकांनी गोळीबार केला. दहा पोलीस मृत्यू पावले. पुढल्या जानेवारीत पोलीस महानिरीक्षकांच्या परिषदेने तो दिवस स्मृतिदिन म्हणून पाळण्याचे ठरविले. दिल्लीचे राष्ट्रीय स्मारक मात्र २०१८ साली झाले.

हे सारे मी का सांगतो? माझ्या वर्गात एक मुलगा होता. त्याचे वडील पोलीस शिपाई. कर्तव्यावर असताना गेले. पहिल्या वर्षी त्या मायलेकरांचे तीन ठिकाणी सत्कार झाले. शाल, श्रीफळ, फोटो. चौथ्या सत्काराच्या दिवशी मुलगा शाळेतच बसून राहिला. मी विचारले, तर म्हणाला, “सर, प्रत्येक वेळी ते बाबा कसे गेले ते मोठ्यांदा वाचतात. आई खाली बघत बसते.” जून उजाडला तेव्हा वह्यापुस्तकांसाठी शाल उपयोगी पडली नाही. एका संस्थेकडे अर्ज केला, तर उत्तर आले की कार्यक्रम होऊन गेला, निधी आता पुढील वर्षी. त्या संस्थेचे नाव मी घेत नाही. आपल्यापैकी कोणाचीही असे करण्यापासून सुटका नाही, माझीही नाही. त्यातल्या एका सत्काराचे सूत्रसंचालन मीच केले होते.

माझ्या विद्यार्थ्याने त्या सामन्याचे एक छायाचित्र दाखविले. खळगीपाशी फलक, वर मोटारी विकणाऱ्या दुकानाचे नाव ठळक, खाली मृत पोलिसाचा लहानसा फोटो. मी त्याला विचारले, “त्याच्या घरची माणसे आली होती काय?” तो म्हणाला, “आली होती, सर. त्याची मुलगी त्या फलकापाशी बराच वेळ उभी होती. आमचा संघ तेथे पोचला तेव्हा आम्ही टोला न मारता थांबलो.” लहानपणापासून मी घरी ऐकत आलो की दान उजव्या हाताने द्यावे आणि डाव्याला कळू नये. त्या फलकांपुढे मला ते आठवले. परंतु फलक नसते, तर ३,६०० आले नसते, हेही मघाचे गणित सांगते. दुकानदाराचे नाव लावण्यास माझी हरकत नाही. अक्षरे कोणाची मोठी, एवढेच पाहावे.

विश्वस्तांपुढे माझी मागणी लहान आहे. गोल्फ आपल्याला नको. कबड्डीचे सामने भरवा, नाटक करा, तिकिटे लावा. पावतीवर खर्च आणि दान वेगळे दाखवा. कर्तव्यावर गेलेल्या शिपायांच्या, अग्निशामक दलाच्या, वीजमंडळाच्या माणसांच्या मुलांसाठी जे उरेल, ते जूनच्या पहिल्या आठवड्यात शाळेच्या कचेरीत भरा. मुलाला व्यासपीठावर बोलावू नका.

येत्या २१ ऑक्टोबरला सकाळी पोलीस कवायत मैदानावर मी माझ्या वर्गाला घेऊन जाणार आहे. वर्षभरात देशात मृत्यू पावलेल्या पोलिसांची नावे तेथे वाचली जातात. यादी लांब असते आणि ऊन चढते. येणाऱ्यांनी टोपी किंवा छत्री आणावी.