शून्यापासून मोजलेला हजेरीपट

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला विचारलं, “तू नोकरीत नेमकं करतोस काय, ते आम्हाला कळेल असं सांग.” माझ्या कामाचा बराचसा भाग म्हणजे लांबलचक रांगेतून हवा तेवढा तुकडा काढणं. पायथन भाषेत याला स्लाइसिंग म्हणतात.

आपला हजेरीपट घ्या, ५० नावांचा. पायथन शून्यापासून मोजतं. हजेरी[०:२५] म्हटलं की ० ते २४ अशी पंचवीस नावं मिळतात. २५ हा क्रमांक बाहेर राहतो. विचित्र वाटतं ना? पण डाइक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाने १९८२ साली एका टिपणात याच पद्धतीची बाजू घेतली. टोकांची वजाबाकी केली की तुकड्याची लांबी मिळते, आणि एक तुकडा संपतो त्याच आकड्यावर पुढचा सुरू होतो. हजेरी[:२५] आणि हजेरी[२५:] जोडा, वर्ग पूर्ण. कुणी दोनदा नाही, कुणी गळालं नाही. शेवटच्या बाकासाठी उणे आकडे आहेत: हजेरी[-३:], म्हणजे शेवटचे तिघे. ते कोण, हे सरांना विचारू नका!

हजेरी[४५:६०] मागितलं तर पाचच नावं येतात, आणि पायथन चकार शब्द काढत नाही. मला ही शांतता आवडत नाही.

खरी अडचण आपल्या मराठीत आहे. ‘लक्ष्मी’ आपल्याला दोन अक्षरी. संगणकाला ते सात तुकडे दिसतात: ल, क, हलन्त, ष, हलन्त, म आणि वेलांटी. पहिले पाच कापा, हाती ‘लक्ष्’ येतं. माझ्या आईचं नाव एका कार्यालयाच्या कागदावर असंच छापून आलं. आडनावापुढे जागा संपली होती. दुरुस्तीसाठी तिने तीन खेपा घातल्या, आणि प्रत्येक वेळी तिलाच विचारलं गेलं, “आजी, तुमचं खरं नाव काय?”

तुकडा पाडायचा तो वाचकाला दिसणाऱ्या अक्षरावर. युनिकोडच्या नियमांत देवनागरी जोडाक्षर एकसंध धरण्याची सोय २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आली. प्रोग्राम लिहिणाऱ्याने ती वापरली पाहिजे, एवढंच.

आजचे बिल्ले माझ्याकडेच होते. सर्वांत लांब नाव गणिताच्या बाईंचं निघालं. ते दोन ओळींत छापलंय.