टाळ, वीणा आणि जुनी पोथी



आर्वी असो, देवळी असो की हिंगणघाट, भजन कुठे होत नाही? टाळ वाजतात, मृदंगावर थाप पडते, कोणी वीणा गळ्यात घेऊन उभा राहतो. पण आठशे वर्षांपूर्वी आपले लोक काय गात होते, काय वाजवीत होते? गाणारा गेला की त्याचा गळाही जातो. मागे राहते ते कोणी लिहून ठेवले असेल तेवढेच.

तसे एकाने लिहून ठेवले आहे. त्याचे नाव शार्ङ्गदेव. देवगिरीचा किल्ला आपण ऐकून आहोत. तोच आजचा दौलताबाद. तेथे यादवांचे राज्य होते. तेराव्या शतकात सिंघण राजाच्या पदरी हा शार्ङ्गदेव होता. त्याचा आजा काश्मीरहून आपल्या मुलखात आला. शार्ङ्गदेवाचे काम काय? तर राज्याचा हिशेब-लेखा पाहणे! दिवसभर जमाखर्च आणि उरल्या वेळात सूर-ताल, असा हा माणूस. त्याने ‘संगीत रत्नाकर’ नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. त्याचे सात अध्याय आहेत. सूर, राग, ताल, नाच, सगळे त्यात आले.

सहावा अध्याय वाद्यांचा. तो आपल्याला चटकन कळेल, कारण त्यातली पुष्कळ वाद्ये आपल्या ओळखीच्या घरातली आहेत. वाद्यांचे चार प्रकार सांगितले आहेत. तारेची, म्हणजे आपली वीणा, एकतारी. फुंकायची, म्हणजे बासरी, शंख. कातड्याने मढवलेली, जसा मृदंग. आणि चौथी धातूची, एकमेकांवर आपटून वाजायची, जसे टाळ. आपल्या भजनी मंडळातली वाद्ये वाटून बघा. एकही वाद्य या चारांबाहेर जाणार नाही. (पेटी मात्र नंतर आली. तरी तीही हवेवरच वाजते, म्हणजे फुंकायच्या वाद्यांचीच बहीण.)

या ग्रंथात 264 राग सांगितले आहेत. काही सुरांच्या अक्षरांत, सा-रे-ग-म करून लिहिलेही आहेत. पण तेव्हा ते जसे गात, तसेच आज गाऊन दाखवतो, असे कोणी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही. कारण आपल्याकडे गाणे गुरूच्या तोंडून शिष्याच्या कानात जात आले. त्यात गाणे जिवंत राहिले, पण बदलतही गेले.

युरोपात दुसरीच तऱ्हा झाली. सुमारे हजार वर्षांपूर्वी इटली देशात ग्विदो नावाचा एक ख्रिस्ती साधू होता. मठातल्या गाणाऱ्यांना गाणी पाठ करण्यात वर्षानुवर्षे जात. त्याने आडव्या रेघा ओढल्या आणि त्यांच्यावर सुरांच्या खुणा मांडल्या. सूर चढला की खूण वर, उतरला की खाली. त्यामुळे न ऐकलेले गाणेही नुसते पाहून म्हणता येऊ लागले. पुढे जर्मनीत हिल्डेगार्ड नावाची एका मठाची प्रमुख बाई झाली. ती 1179 साली वारली. तिने रचलेली सत्तरांहून जास्त गाणी सुरांच्या खुणांसह लिहून ठेवलेली आहेत. म्हणून ती आजही गातात.

आणि आपल्या बाया? त्याही गात होत्याच. शार्ङ्गदेवाच्याही आधी, सुमारे 1130 साली, चालुक्य राजा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. त्यात लिहिले आहे की महाराष्ट्रात बाया कांडण करताना ओवी गातात. म्हणजे ज्ञानेश्वरी 1290 साली झाली, तिच्याही दीडशे वर्षे आधी मुसळाच्या तालावर ओवी चालली होती. पण राजाने ओवीचे नाव लिहिले. ती गाणाऱ्या एकाही बाईचे नाव लिहिले नाही. हे आम्हाला खटकते.

गावोगाव पिठाची गिरणी आली. जाते कोपऱ्यात गेले आणि त्याबरोबर ओव्याही. तेव्हा पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी 1980 नंतर सोबत्यांसह खेड्यापाड्यांत फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या उतरवून घेतल्या. ओवीबरोबर गाणारीचे नाव आणि तिचे गावही लिहिले. पण शब्द वहीत उतरतात, चाल उतरत नाही. म्हणून पुष्कळ जणींचा आवाजही त्यांनी नोंदवून ठेवला.