पालिकेची सभा आणि आपण
(शाखा पदाधिकाऱ्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



संयोजकांनी आम्हाला ‘नगरपालिकेचा कारभार आणि कामगार’ हा विषय दिला आहे. विषय मोठा आणि आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले, गँगमध्ये भरती होऊन युनियनच्या कामात वाढलेले. कायद्याचा कीस काढणे आमचे काम नाही. पण पालिकेच्या सभागृहात बसून जे पाहिले आणि ठेच लागल्यावर जे शिकलो, तेवढे आज तुमच्यापुढे ठेवतो.

आमची रेल्वे वसाहत गावाच्या उताराला आहे. बाजारपेठेतून येणारा नाला वसाहतीच्या कडेने जातो आणि रुळाखालच्या मोरीतून पलीकडे निघतो. दर पावसाळ्यात तो तुंबायचा आणि घाण पाणी टाइप वनच्या क्वार्टर्समध्ये शिरायचे. नाईट ड्यूटी करून आलेला माणूस बादलीने घर उपसायचा. एका वर्षी वसाहतीतली तीन पोरे काविळीने दवाखान्यात होती. पालिकेत गेलो की म्हणत, ‘ही रेल्वेची हद्द.’ रेल्वेच्या ऑफिसात गेलो की म्हणत, ‘नाला पालिकेचा.’ दोन्हीकडची माणसे सज्जन होती, दोन्हीकडे चहा मिळायचा, आणि पाणी आमच्याच घरात यायचे.

यावर आम्ही सात वर्षे मोर्चे काढले. झेंडे, घोषणा, पालिकेच्या दरवाजावर सभा. मुख्याधिकारी खाली येऊन निवेदन घेत, फोटो निघे, दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी येत आणि आम्ही लढाई जिंकल्यासारखे घरी जात असू. मोर्चा वाईट असे आम्ही म्हणणार नाही. मोर्चा नसता तर आम्हाला कोणी ओळखलेही नसते. पण निवेदन दरवाजावर दिले जाते आणि निर्णय वरच्या सभागृहात होतो, हे आमच्या लक्षात आले नव्हते. ते आणून दिले सभागृह झाडणाऱ्या एका मावशींनी. त्या म्हणाल्या, ‘भाऊ, तुम्ही खाली ओरडता तेव्हा वर काय लिहून घेतात, ते कधी बघितलंय का?’

आम्ही कधीच बघितले नव्हते. पालिकेची सभा लोकांना बघायला खुली असते हेही पुष्कळांना ठाऊक नव्हते. कायद्याप्रमाणे सभा खुलीच असते. दारे बंद करायची तर तसा खास निर्णय घ्यावा लागतो. मग पुढच्या सर्वसाधारण सभेला आम्ही पाच जण रजा टाकून गॅलरीत जाऊन बसलो.

सभेची वेळ अकराची. कोरम भरायला पाऊण वाजला. आधी श्रद्धांजली, मग अभिनंदनाचे ठराव. त्यानंतर एका चौकाला कोणाचे नाव द्यायचे यावरून जी जुंपली ती दोन तास चालली. कोणी नगराध्यक्षांच्या टेबलापुढे जाऊन बसले, कोणी माइक ओढला, एका गटाने सभात्याग केला आणि चहा पिऊन परत आला. विषयपत्रिकेवर ५७ विषय होते. त्यातले तेरा झाले तेव्हा साडेतीन वाजले होते. मग शेवटच्या पंधरा मिनिटांत चौदापासून सत्तावन्नपर्यंतचे विषय ‘वाचले असे समजून मंजूर, मंजूर’ असे म्हणत उरकले. मेल गाडीने थांबा नसलेली स्टेशने मागे टाकावीत, तसे.

आमचा नाला होता अडतिसावा विषय. इतिवृत्ताची प्रत मागवली तेव्हा कळले की त्या दिवशी काय मंजूर झाले: ‘सदर नाला रेल्वे हद्दीत असल्याने पुढील कार्यवाहीसाठी रेल्वे प्रशासनास कळविणे.’ सात वर्षांचा प्रश्न सात सेकंदांत निकाली. कोणी विरोध केला नाही, कारण कोणी वाचलेच नव्हते. आमच्याच वॉर्डाच्या नगरसेवकाने हात वर केला होता. नंतर त्याला विचारले तर तो बिचारा खरे बोलला: ‘गोषवारा आदल्या रात्री मिळाला, मी उघडला नाही.’

बंधुभगिनींनो, त्या दिवशी आम्हाला एक गोष्ट कळली. स्टेशन मास्तर नुसत्या तोंडी शब्दावर गाडी सोडत नाही. प्रायव्हेट नंबर घेतला जातो, रजिस्टरात वेळेसह नोंद होते. अपघात झालाच तर चौकशी समिती आधी ते रजिस्टर ताब्यात घेते. पालिकेचे इतिवृत्त हे तसलेच रजिस्टर आहे. तिथे जे लिहिले तेच झाले असे धरतात. जे लिहिले नाही, ते गेटवर कितीही मोठ्याने ओरडून सांगितले असले तरी झालेच नाही.

मग आम्ही कामाची पद्धत बदलली. आमच्या किमनने आणि दोन ट्रॅकमननी सुट्टीच्या दिवशी नाला बाजारापासून मोरीपर्यंत पायी पाहिला. गाळ कुठे, भिंत कुठे पडली, कोणत्या दुकानांचे सांडपाणी थेट सोडले आहे, हे वहीत उतरवले. मोरी मोकळी होती. गाळ होता तो वरच्या अंगाला, पालिकेच्या हद्दीत. माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज करून मागच्या तीन वर्षांच्या नालेसफाईची बिले मागवली. आमचा नाला तीनही वर्षे कागदावर साफ झालेला होता!

हे सगळे घेऊन आम्ही त्याच नगरसेवकाकडे गेलो. भांडायला नाही. त्याला सांगितले, ‘दादा, भाषण करू नका, लेखी प्रश्न टाका.’ प्रश्न तीनच होते. नाल्याची किती लांबी पालिकेच्या हद्दीत आहे? तीन वर्षांत सफाईवर किती रक्कम दिली? कामाची मोजणी कोणी केली? पुढच्या सभेत इंजिनियर साहेबांना उभे राहून उत्तर द्यावे लागले. आम्ही गॅलरीत चाळीस जण बसलो होतो, घरच्या बायाही होत्या, आणि कोणी एक शब्द बोलले नाही. गॅलरीला बोलायचा अधिकार नसतो. पण गॅलरी भरलेली असली की खालचे लोक कागद उघडून वाचतात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. पालिका आणि रेल्वे यांची संयुक्त पाहणी ठरली आणि तारखेसह इतिवृत्तात आली. पुढच्या पावसाळ्याआधी नाला उपसला गेला. पडलेल्या भिंतीचे काम झाले नाही, ते आम्हाला अजून मिळवायचे आहे. पण त्या वर्षी घरात पाणी आले नाही.

आता कोणी म्हणेल, ठराव झाला म्हणजे काम फत्ते. तसेही नाही. इतिहास बघा. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. हे बोले कामगार चळवळीतलेच. त्याला धरून महाडच्या नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. तीन वर्षे तो कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्याले, तेव्हा त्या ठरावात जीव आला. आणि पुढे काय झाले? त्याच नगरपालिकेने ४ ऑगस्ट १९२७ रोजी आपला ठराव रद्द केला. प्रकरण कोर्टात गेले, हायकोर्टाचा निकाल लागायला १९३७ साल उजाडले. लोक मागे नसले तर ठराव कोरडा राहतो, आणि लोकांची नजर हलली की केलेला ठराव पुसलाही जातो. दोन्ही रूळ लागतात, एका रुळावर गाडी चालत नाही.

आणि सभागृहात आपला एकच माणूस आहे म्हणून निराश होऊ नका. महात्मा फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे नेमलेले सभासद होते. व्हाइसरॉयच्या स्वागतासाठी शहर सजवायचा खर्च निघाला तेव्हा त्यांनी विरोध केला आणि तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करा असे सांगितले. सजावट कशी झाली होती हे आज कोणाला आठवत नाही. विरोध मात्र आजही सांगितला जातो.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गोंधळ पाहून आपलेच लोक म्हणतात, ‘असल्या सभा नसलेल्या बऱ्या, साहेब लोक कारभार नीट करतील.’ गोंधळ आम्हालाही आवडत नाही. दिल्लीत २०२३ साली महापौर निवडण्यासाठी बोलावलेल्या तीन सभा धक्काबुक्कीत वाया गेल्या आणि सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. पण सभाच नसली तर काय होते, तेही आपण पाहिले आहे. घटनेची ७४ वी दुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आहे. पाच वर्षांची मुदत संपण्याआधी निवडणूक झाली पाहिजे असे तिच्यात स्पष्ट लिहिले आहे. तरी नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, कोल्हापूर येथील मुदत २०२० मध्ये संपली, मुंबई, पुणे, नागपूर, सोलापूरची मार्च २०२२ मध्ये. आणि कुठे महासाथ, कुठे आरक्षण, कुठे वॉर्डरचना, असे करत वर्षानुवर्षे प्रशासक बसले. चेन्नईत २०१६ पासून २०२२ पर्यंत निवडून आलेले सभागृह नव्हते. महाराष्ट्राबाबत शेवटी ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घ्या असे बजावावे लागले.

प्रशासकाच्या काळात स्थायी समितीचे अधिकार त्याच्याकडे आणि सर्वसाधारण सभेचेही त्याच्याकडे. म्हणजे अधिकाऱ्यानेच प्रस्ताव मांडायचा, त्यानेच अनुमोदन द्यायचे आणि त्यानेच मंजूर म्हणायचे. आमच्याही पालिकेत तो काळ आला. गॅलरीला कुलूप होते. सफाईचे कंत्राट कधी निघाले आणि कोणत्या अटींवर निघाले, हे सफाई कामगारांना नवा ठेकेदार दारात उभा राहिल्यावर कळले. ज्या मावशींनी आम्हाला गॅलरीची वाट दाखवली, त्यांची हजेरी आता ठेकेदाराच्या वहीत आहे. त्यांच्यासाठी प्रश्न विचारायला त्या दिवशी सभागृहच नव्हते. म्हणून आम्ही म्हणतो, आरडाओरड करणारी सभा सुधारता येते, नसलेली सभा सुधारता येत नाही.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो आपल्याच घरचा आहे. नगरसेवक न वाचता हात वर करतात म्हणून आम्ही बोटे मोडली. मग एक दिवस आमच्या शाखेची वार्षिक सभा झाली. कार्यवाह आम्हीच. अहवाल वाचला असे समजून मंजूर, हिशेब वाचला असे समजून मंजूर, कार्यकारिणी एकमताने, आणि मग जेवण. मागच्या बाकावरून एक तरुण पॉइंट्समन उठला आणि म्हणाला, ‘साहेब, पालिकेत अडतिसावा विषय असाच गेला होता ना?’ सभेत हशा पिकला. आम्ही हसलो नाही, कारण तो बरोबर होता. त्या दिवशी जेवण दीड तास लांबवले आणि हिशेब ओळीने वाचला. एका चुकीच्या नोंदीवर सभासदांनी बोट ठेवले, ती आमचीच होती, ती दुरुस्त केली. तेव्हापासून अहवाल आठ दिवस आधी नोटीस बोर्डावर लागतो.

तेव्हा प्रत्येक शाखेने इथून जाताना चार कामे घेऊन जावीत. पालिका असो की महापालिका, दर सभेची विषयपत्रिका मागवा आणि आपल्या वस्तीचा विषय कितव्या क्रमांकावर आहे ते पाहा. दोन माणसे ठरवून गॅलरीत पाठवा, एक पुरुष आणि एक बाई, कारण पाणी भरण्याचे दुःख तिला जास्त ठाऊक असते. नगरसेवकाला घोषणा देऊ नका, मोजमाप केलेला लेखी प्रश्न द्या. आणि इतिवृत्त कायम होण्याआधी त्याची प्रत वाचा. चुकीचे लिहिले असेल तर दुरुस्ती तेव्हाच करून घ्यावी लागते, नंतर नाही. तीन लाखांवर वस्ती असलेल्या शहरांत वॉर्ड समित्या असल्या पाहिजेत असे घटना सांगते. तुमच्या शहरात ती समिती शेवटची कधी बसली, एवढे जरी विचारून आलात तरी पुष्कळ कळेल.

मोर्चा आपण काढणारच आहोत. पण यापुढे मोर्चा निघेल तेव्हा पुढच्या रांगेतल्या माणसाच्या हातात झेंड्याबरोबर विषयपत्रिकाही असू द्या. 

कामगार एकजुटीचा विजय असो!