उतरणारा कांटा

वैशाखांतल्या दुपारीं गोंदियाहून कोहमाऱ्याच्या वाटेनें मोटार नवेगांवबांधाकडे निघाली, कीं एखादे वेळीं उष्णतामापकाचा कांटा चढूं-उतरूं लागतो. तो उतरला म्हणजे चालकाचा जीव भांड्यांत पडतो. भय आहे तें नेमकें येथेंच! पाणी फार कमी झालें तर मापकाचा सेन्सर उघडा पडतो व पाण्याऐवजीं भोंवतालच्या हवेची उष्णता सांगूं लागतो. कांटा खालीं येतो, आणि एंजिनाचें हेड मात्र तापून वांकडें होतें. म्हणून प्रथम गाडी थांबवून एंजिन बंद करावें. तें पुरतें निवल्याविना रेडिएटरचें झांकण उघडूं नये. दाबाखालचें पाणी १०० अंशांवरही उकळत नाहीं, पण झांकण निघतांच उसळतें.

पाणी पुरेसें असेल तर कांट्याची चाल पाहावी. एकाएकीं उडी मारीत असेल, तर दोष बहुधा तारेचा. पाणी असें क्षणांत तापत वा निवत नाहीं. थांबल्यावर चढून धांवतांना उतरत असेल, तर पंखा तपासावा. सावकाश झोके घेत असेल, तर पाण्यांत अडकलेली हवा काढावी. त्यानेंही न भागल्यास थर्मोस्टॅट बदलावा.

बांधांतलें गढूळ पाणी अडल्यावेळीं चालेल, पण घरीं येतांच तें काढून शुद्ध पाणी व कूलंट भरावें, आणि आधींचें पाणी कोठून गळालें तें शोधावें.