प्रवाही रसायनशास्त्र आणि प्रगत पदार्थ



रसायनशास्त्र म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे चंबू आणि परीक्षानळी येते. द्रव्ये मोजून एकत्र घ्यावयाची, तापवावयाची, प्रक्रिया संपली की भांडे रिकामे करून पुन्हा भरावयाचे. भजी तळताना आपण ज्याला घाणा म्हणतो, तशीच ही खंडित पद्धती होय. याउलट, द्रव्ये नळीतून सतत वाहती ठेवून वाहता वाहताच त्यांची प्रक्रिया घडविणे आणि दुसऱ्या टोकाला तयार पदार्थ मिळविणे, यास प्रवाही रसायनशास्त्र म्हणतात. रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघाने, म्हणजे ‘आययूपॅक’ने, २०१९ साली दहा उदयोन्मुख तंत्रज्ञानांच्या यादीत त्याचा समावेश केला.

कोलकात्यात या विषयाची चर्चा करण्यास विशेष औचित्य आहे. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी १८९२ मध्ये याच शहरात बेंगॉल केमिकलची मुहूर्तमेढ रोवली आणि १९०१ मध्ये तिचे मर्यादित कंपनीत रूपांतर झाले. त्या काळी सल्फ्युरिक अम्ल शिसे-कोठी पद्धतीने बनत असे. गंधकाचा वायू, हवा, नायट्रोजनची ऑक्साइडे आणि वाफ शिशाच्या कोठ्यांतून अखंड वाहत, तर शेवटच्या मनोऱ्यात नायट्रोजनची ऑक्साइडे परत मिळवून पुन्हा वापरली जात. म्हणजे प्रवाहाची कल्पना जुनीच आहे. मग नवे काय?

गुणधर्म प्रक्रियेत घडतात

अम्लाचा रेणू कोणत्याही पद्धतीने बनविला तरी तोच असतो. प्रगत पदार्थांचे तसे नाही. २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक ज्यांच्या शोधासाठी देण्यात आले, ते ‘क्वांटम बिंदू’ पाहा. रासायनिक घटक तेच असले तरी कणांचा आकार बदलला की प्रकाशाचा रंग बदलतो. लहान कण निळसर, तर मोठे कण तांबूस प्रकाश देतात. लाखो कण एकाच आकाराचे नसतील, तर रंग शुद्ध राहत नाही. मोठ्या पात्रात ढवळणे कितीही जोरात केले तरी मध्यभागी व कडेला तापमान आणि संहती सारखी नसते. त्यामुळे कणही सारखे निपजत नाहीत.

बारीक नळी ही अडचण दोन प्रकारे दूर करते. एक मीटर व्यासाच्या उभ्या पात्रात दर घनमीटर द्रवामागे बाजूच्या भिंतीचे क्षेत्रफळ ४ चौरस मीटर असते, तर एक मिलिमीटर व्यासाच्या नळीत ते ४,००० चौरस मीटर होते. साहजिकच उष्णता तत्काळ देता वा काढून घेता येते. दुसरे म्हणजे, विसरणाने मिसळण्यास लागणारा काळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. रुंदी एक-दशांश केली की काळ एक-शतांश होतो. शिवाय धोकादायक द्रव्याचा साठा करावा लागत नाही. ते गरजेपुरते तयार होते व लगेच वापरले जाते. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर या मुद्द्याचे महत्त्व वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

जादवपूरची काच

१९५० मध्ये जादवपूर येथे सुरू झालेल्या केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्थेतील प्रकाशीय तंतूंचे कार्य हे याचे बोलके उदाहरण आहे. फिरत्या सिलिका-नळीतून सिलिकॉन व जर्मेनियम यांच्या क्लोराइडांची वाफ ऑक्सिजनबरोबर वाहते. बाहेरून ज्योत सरकत जाते आणि आत काचेचे थरावर थर बसतात. सिलिकॉन टेट्राक्लोराइड सुमारे ५८ अंश सेल्सिअसला उकळते, तर लोहासारख्या धातूंची क्लोराइडे सहजासहजी वाफ होत नाहीत. ती मागेच राहतात. अशा रीतीने प्रवाह हाच शुद्धीकरणाचे साधन बनतो. नंतर ही नळी मिटवून तिच्यापासून सुमारे १२५ मायक्रॉन जाडीचा तंतू ओढतात.

दूरसंचारातील प्रवर्धकासाठी काचेत एर्बियम, तर तंतू-लेसरसाठी यटर्बियम मिसळावे लागते. प्रचलित रीतीत सच्छिद्र थर क्षारांच्या द्रावणात भिजवितात. येथे प्रवाह खंडित होतो आणि मोठ्या गाभ्यात धातू एकसारखा पसरविणे कठीण जाते. यावर उपाय म्हणून धातूच्या सेंद्रिय संयुगाची वाफ करून तीही त्याच प्रवाहात सोडण्याच्या पद्धतीवर संस्थेने संशोधन केले आहे. घाण्याकडून प्रवाहाकडे होणारी वाटचाल येथे एकाच नळीत पाहावयास मिळते.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने हेच तत्त्व द्रवांच्या बाबतीत वापरले. लवचीक पडद्यांच्या पारदर्शक वाहक थरासाठी उपयुक्त अशा चांदीच्या अब्जांश-तारा अखंड प्रवाहात बनविण्याची पद्धती तेथे विकसित झाली. तेथील डॉ. अमोल कुलकर्णी यांना २०२० चा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार अभियांत्रिकी विज्ञानासाठी मिळाला.

ग्रॅमपासून किलोपर्यंत

या पद्धतीला मर्यादाही आहेत. घन कण साचून नळ्या तुंबतात, अतिमंद प्रक्रियांना फार लांब नळी लागते आणि पंप व नियंत्रक यंत्रणेवर सुरुवातीचा खर्च अधिक होतो. लहान प्रमाणावर, वारंवार उत्पादन बदलणाऱ्या कारखान्यास घाणा पद्धतीच सोयीची ठरू शकते.

तथापि आपल्या देशापुढील खरा प्रश्न वेगळा आहे. प्रयोगशाळेत ग्रॅमभर उत्तम पदार्थ मिळतो, पण कारखान्यात किलोभर तसाच मिळत नाही. पात्र मोठे केले की उष्णता व मिश्रणाचे सारे गणित बदलते. प्रवाही पद्धतीत पात्र मोठे करण्याऐवजी नळ्यांची संख्या किंवा चालण्याचे तास वाढविता येतात. प्रत्येक नळीत सारखा प्रवाह राखणे अवघड असले, तरी मूळ प्रक्रिया तीच राहते. आचार्य राय यांनी प्रयोगशाळा आणि कारखाना यांतील भिंत ओलांडण्याचे धाडस केले होते. ती आजही पूर्णपणे हटलेली नाही. ती हटविण्यासाठी रसायनशास्त्रज्ञाला अभियंत्याची आणि अभियंत्याला रसायनशास्त्राची भाषा समजली पाहिजे. आपल्या अभ्यासात या दोन विषयांची सांगड आपण आजपासूनच घालावी, एवढीच अपेक्षा.