बाहुल्यांची पत्रे

मंडळी, आज लढाईतली एक गोष्ट सांगतो. या गोष्टीत तोफ नाही, बंदूक नाही. बाहुल्या आहेत, आणि पत्रे आहेत.

साल १९४२. दुसरे महायुद्ध जोरात चालले होते. ७ डिसेंबर १९४१ या दिवशी जपानी विमानांनी अमेरिकेच्या पर्ल हार्बर बंदरावर अचानक हल्ला केला होता. काही लढाऊ जहाजे बुडाली, काही मोडली. मोडलेली जहाजे अमेरिका दुरुस्त करू लागली. कोणते जहाज कुठल्या गोदीत आहे, ते पुन्हा समुद्रावर कधी जाणार, ही बातमी जपानला हवी होती. त्या जहाजांवर हजारो खलाशी होते. बातमी फुटली तर त्यांच्या जिवावरच बेतणार.

अशा वेळी ओहायो प्रांतातल्या स्प्रिंगफील्ड गावी एका बाईच्या घरी टपालाने एक पाकीट आले. ते परत आलेले पाकीट होते. ते गेले होते दूर, अर्जेंटिना देशातल्या ब्यूनस आयर्स शहरी. तिथे त्या पत्त्यावर त्या नावाचे माणूस सापडले नाही, म्हणून टपालखात्याने ते पाठवणारीकडे परत धाडले. पाठवणारीचे नाव या बाईचे. खाली सहीही तिच्यासारखीच. आणि बाईने तर हे पत्र लिहिलेच नव्हते!

पत्रात काय होते? बाहुल्यांच्या गप्पा. मधेच एक ओळ अशी, की शॉ नावाचे गृहस्थ आजारी होते, ते आता लवकरच कामावर येतील. आता असे बघा, ‘शॉ’ नावाची अमेरिकेची एक लढाऊ नौका होती. पर्ल हार्बरला तिचा पुढचा सगळा भाग उडाला होता. ती दुरुस्त होऊन पुन्हा कामावर निघाली होती.

दुसरी एखादी असती तर तिने ते पाकीट चुलीत घातले असते. या बाईने ते सरकारात नेऊन दिले. मला तिचे फार कौतुक वाटते.

परदेशी जाणारी पत्रे लढाईच्या दिवसांत सरकार फोडून वाचत असे. तिथेही असेच एक पत्र सापडले होते. लिहिणारी म्हणे, “माझ्या तीन जुन्या इंग्रजी बाहुल्या दवाखान्यात दुरुस्तीला टाकल्या आहेत.” तपासखात्याने अर्थ लावला तो असा: बाहुल्या म्हणजे जहाजे, आणि बाहुल्यांचा दवाखाना म्हणजे गोदी. मासे धरायच्या जाळ्यांचाही उल्लेख होता. त्या जाळ्या म्हणजे पाणबुड्या अडवायला समुद्रात टाकतात ती जाळी.

अशी एकूण पाच पत्रे मिळाली. वेगवेगळ्या गावच्या बायकांची नावे, आणि कुणीच लिहिलेले नाही. मग लिहिले कोणी?

तपास करणाऱ्यांनी त्या बायकांना विचारले, “तुम्हा सगळ्यांत सारखं काय आहे?” सारखे निघाले ते एवढेच, की सगळ्यांना बाहुल्या जमवायचा शौक. आणि न्यूयॉर्कच्या मॅडिसन ॲव्हेन्यूवर एक बाहुल्यांचे दुकान होते, तिथे या सगळ्यांचा पत्रव्यवहार. दुकानदारीण होती व्हेलव्हेली डिकिन्सन. एका गिऱ्हाइकाने तर सांगून टाकले, “बाहुल्यांचे पैसे द्यायला मला उशीर झाला. तो राग धरून तिनेच माझं नाव घातलं असावं.”

सही म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. कालपरवापर्यंत अंगठा उठवणाऱ्याला तर मुळीच नको. गिऱ्हाइकांनी विश्वासाने पाठवलेल्या पत्रांवरून या बाईने त्यांच्या सह्या गिरवल्या. उद्या फितुरीचा आळ आला असता तो त्या बिचाऱ्यांवर!

पण नुसत्या संशयावर धरता येत नाही. पुरावा लागतो. पत्रे टाईपरायटरवर छापलेली होती. प्रत्येक यंत्राच्या अक्षरांत काही खोड असते, कुठे अक्षर तुटलेले, कुठे वर चढलेले. डिकिन्सनबाई आणि तिचा नवरा पश्चिम किनाऱ्यावर गोद्यांच्या मुलखात हिंडले होते. ज्या हॉटेलांत ते उतरले, तिथल्या यंत्रांशी पत्रांची अक्षरे जुळली. तारखाही जुळल्या.

२१ जानेवारी १९४४ रोजी तिला धरले. बँकेतल्या तिच्या पेटीत सुमारे १३,००० डॉलर निघाले. त्यांतल्या काही नोटांचा माग थेट जपानी अधिकाऱ्यांपर्यंत लागला. ही बाई पूर्वी सॅन फ्रान्सिस्कोला होती, तेव्हापासून तिची जपानी लोकांत ऊठबस.

आधी ती म्हणाली, पैसे धंद्याचे आहेत. मग म्हणाली, नवऱ्याच्या बिछान्यात सापडले. शेवटी तिने सांगितले की जपानी आरमाराच्या एका अधिकाऱ्याने हल्ल्याआधी दहा-बारा दिवस २५,००० डॉलर दिले, आणि बाहुल्यांची ही भाषाही त्यानेच ठरवून दिली. पण हेर होता तो माझा नवरा, मी नव्हे! नवरा १९४३ सालीच वारला होता. त्याला कोण विचारणार? त्याच्या डॉक्टरने मात्र सांगितले, की त्या दिवसांत त्याचे डोकेच धड चालत नव्हते.

लढाईत हेरगिरी शाबीत झाली असती तर फाशीसुद्धा झाली असती. तिने तडजोड केली. चोरून बातमी धाडल्याचा गुन्हा कबूल केला. ऑगस्ट १९४४ मध्ये दहा वर्षे कैद आणि १०,००० डॉलर दंड झाला. १९५१ साली ती सुटली.